‘मुख्यालयी राहते’ : एका दाखल्याचा इतिहास

आजचा भाग एका कागदाबद्दल आहे. आमच्या घरी लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, आईच्या नोकरीची फाईल आहे. तिच्यात नेमणुकीचा आदेश आहे, बदल्यांचे आदेश आहेत आणि त्यांच्या मागे एकसारख्या दिसणाऱ्या दाखल्यांची एक चळत आहे. मजकूर दरवर्षी तोच, फक्त साल बदलतं. सदर शिक्षिका मुख्यालयी राहतात, करिता दाखला देण्यात येत आहे. खाली सरपंचाची सही आणि गोल शिक्का.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा चिखली तालुक्यातल्या एका गावात, आणि आम्ही राहायचो चिखलीत. सकाळी एसटीने जायची, संध्याकाळी एसटीने यायची. आमच्याकडे याला ‘अपडाउन’ म्हणतात. म्हणजे दाखला खोटा होता. आईला माहीत होतं, सरपंचाला माहीत होतं, तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही माहीत असणार, कारण तेही बऱ्याचदा त्याच रस्त्याने परत जायचे.

मला बरीच वर्षं यात काही विशेष वाटलं नाही. मग २००९ च्या पावसाळ्यात एक रात्र आली.

जीपमधली रात्र

आम्ही आजोबांच्या गावी गेलो होतो, मेहकर तालुक्यात. माझ्या चुलत वहिनीचे दिवस भरत आले होते. रात्री साडेअकराला कळा सुरू झाल्या. गावात आरोग्य उपकेंद्र होतं, पिवळ्या रंगाचं, नवंच म्हणावं असं. काका बॅटरी घेऊन पळत गेले आणि तसेच परत आले. कुलूप. नर्सबाई तालुक्याला राहायच्या. १०८ ची अँब्युलन्स तेव्हा महाराष्ट्रात सुरू झालेली नव्हती, ती आली २०१४ मध्ये. शेवटी एकाची जीप मिळाली. मेहकर यायच्या आधीच, रस्त्याच्या कडेला, जीपमध्येच बाळ झालं. बाळ जगलं. आज तो पोरगा दहावी होऊन पुढे गेलाय. पण वहिनीचं रक्त फार गेलं, आणि तिची तब्येत सावरायला दीड-दोन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी जेवताना आजोबा म्हणाले, “पगार घेते गावाचा, अन् राह्यते शहरात. असल्या बाईची नोकरीच घालवाले पाह्यजे.”

माझी आई समोर बसून जेवत होती. ती काही बोलली नाही. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो बराच वेळ हातातच ठेवला. मी चौदा वर्षांचा होतो. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की आजोबा जे नर्सबाईंबद्दल बोलले, ते कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसरे कुणी आजोबा, माझ्या आईबद्दल बोलत असतील.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. सरकारी माणसाने गावात राहावं हा नियम आला कुठून? आणि तो पाळला का जात नाही? उत्तर शोधायला मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या नावापासूनच करता येते.

आधी बंगला, मग जिल्हा

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कारण साधं होतं. हैदराबादच्या फौजेचा खर्च थकला होता आणि वऱ्हाडच्या वसुलीतून तो भागवायचा होता. इंग्रजांना इथला कापूस हवा होता. कापूस पिकायचा घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत. रेल्वेही घाटाखालूनच गेली: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. खामगावची कापूस बाजारपेठ एवढी मोठी होती की जलंबपासून तिच्यासाठी वेगळा फाटा टाकला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता.

आता नकाशा पाहिला तर वाटेल की जिल्ह्याचं ठाणं खामगावला हवं, नाही तर मलकापूरला. पैसा तिथे, रेल्वे तिथे, माणसं तिथे. पण ठाणं झालं बुलढाणा. घाटावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर, जिथे आजही रेल्वे नाही. भिल्लांचं ठाणं म्हणून ‘भिलठाणा’ आणि त्यावरून बुलढाणा, असं नावाबद्दल सांगतात. ते गाव जिल्ह्याचं मुख्यालय व्हायचं कारण म्हणून जी गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात, ती एकच: हवा थंड.

मे महिन्यात शेगावहून बुलढाण्याला येऊन बघा. राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट चढला की अंगाला लागणारा वारा बदलतो. साहेबाला ते कळलं होतं. त्या काळच्या राज्यकारभारात ही नवलाची गोष्ट नव्हती. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जायचं, मुंबईचं महाबळेश्वरला. आपल्या वऱ्हाडातलं चिखलदराही तसंच वसलं. थंड हवेची गावं म्हणजे आज आपल्याला सहलीची ठिकाणं वाटतात. मुळात ती कर्मचाऱ्यांच्या राहण्याची सोय होती. फक्त कर्मचारी सगळ्यात वरचे होते.

म्हणून मला वाटतं, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात कर्मचारी निवासाचा पहिला नियम कागदावर लिहिलेला नाही, तो जमिनीवर लिहिलेला आहे. साहेब कुठे चांगला राहील हे आधी पाहिलं गेलं, आणि लाखो शेतकऱ्यांनी मग तिथवर चालत जायचं ठरलं. आजही जळगाव जामोदच्या माणसाला कलेक्टर ऑफिसात काम असेल तर घाट चढावा लागतो. त्याच्या सगळ्या चकरांचं मूळ कुणाच्या तरी बंगल्यात आहे.

गावाच्या दुसऱ्या टोकाला

त्याच शहरांत राहण्याचा एक दुसरा नियम चालू होता. एकोणिसाव्या शतकातच आपल्याकडच्या मोठ्या गावांत नगरपालिका आल्या. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, तो आपण शाळेत पाठ केलाय. नगरपालिका म्हटलं की दिवाबत्ती, पाणी आणि सफाई. सफाईसाठी माणसं हवीत. ती माणसं पहाटे हजर हवीत, पण वस्तीत कुणाला नकोत. मग गावाच्या कडेला, नाल्याजवळ, ओळीने खोल्या.

ही घरं नोकरीला बांधलेली असत. नोकरी आहे तोवर छप्पर आहे. बाप रिटायर झाला की खोली सोडायची, नाही तर पोराने तोच झाडू हातात घ्यायचा. घर टिकवायचं म्हणून धंदा टिकवायचा, असा तो फास. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगारांच्या वारसाला नोकरीचा हक्क दिला. तो हक्क कुटुंबांसाठी मोठा आधार आहे, पण त्यामागे हीच भीती आहे हे विसरता येत नाही. पुढे राज्य सरकारने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना’ आणली, तिचं म्हणणं असं की ठरावीक वर्षं सेवा केलेल्या सफाई कामगाराला मालकीचं घर मिळावं. म्हणजे नोकरी आणि छप्पर यांची गाठ सोडवावी. ही गाठ सोडवायला किती पिढ्या लागल्या ते तुम्हीच मोजा.

तर शहरात दोन टोकं झाली. एका टोकाला बंगला, दुसऱ्या टोकाला नाल्याकाठची खोली. आता गावाकडे जाऊ.

गाव सोडायची मुभा नसलेले

जुन्या वऱ्हाडात गावचा कारभार पाटील आणि पटवारी बघायचे. दोघंही वतनदार. वंशपरंपरेने काम चालायचं, इंग्रजांनी १९०० मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही केला. पाटील कुठे राहतो, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. तो गावचाच. त्याचा वाडा गावच्या मध्यावर.

आणि महार? सरकारी निरोप पोचवणं, वसुलीचा पैसा तालुक्याला नेताना सोबत करणं, मेलेली जनावरं ओढणं, साहेब आला की त्याच्या तंबूची व्यवस्था बघणं, ही सगळी त्यांच्याकडून घेतली जाणारी कामं. वेळेचं बंधन नाही. पगार म्हणावा असा नाही, बलुतं आणि तुकडाभर जमीन असली तर असली. राहायचं मात्र गावातच, गावकुसाबाहेर, हाकेच्या अंतरावर. मुख्यालयी राहण्याचा सगळ्यात कडक नियम कुणाला लागू होता, तर त्यांना. गाव सोडणं म्हणजे हक्क सोडणं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं, त्यामागे हीच जाणीव होती की हे वतन नाही, ही वेठ आहे.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपण सहज म्हणून जातो, “पूर्वी सगळे गावातच राहायचे.” हो, राहायचे. पण काही जण वाड्यामुळे राहायचे आणि काही जणांना जाताच येत नव्हतं. गावात राहणं ही गोष्ट सगळ्यांसाठी एकसारखी कधीच नव्हती.

१९६२ : बाहेरचा माणूस गावात

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा महसूलमंत्री होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ग्रामीण कारभाराचा आराखडा दिला, १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. विदर्भातल्या जुन्या जनपद सभा गेल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामसेवक, सगळं नव्या झेडपीकडे आलं.

हा फार मोठा बदल होता, आणि चांगला होता. आता गावात काम करणारा माणूस वतनदार नव्हता. तो परीक्षा देऊन, मुलाखत देऊन आलेला. देऊळगाव राजाची मुलगी संग्रामपूरला शिक्षिका होऊ शकत होती. बौद्ध समाजातला मुलगा ग्रामसेवक होऊन पाटलाच्या गावात दप्तर उघडून बसू शकत होता. बदली होत होती, म्हणून तो कुणाच्या दबावाखाली कायमचा राहत नव्हता.

पण इथेच एक साधा प्रश्न उभा राहिला. हा माणूस रात्री झोपणार कुठे?

वतनदाराला घर होतं, साहेबाला बंगला होता. बदलीवर आलेल्या शिक्षिकेला गावात काय? काही ठिकाणी झेडपीने क्वार्टर बांधले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात डॉक्टरांची घरं झाली, उपकेंद्राच्या इमारतीत नर्सबाईंसाठी खोली ठेवली गेली. पशुवैद्यकीय दवाखान्यामागे एखादी चाळ. बांधायला एकदा पैसा मिळाला, दुरुस्तीला मिळाला नाही. छत गळायला लागलं, मग त्यात बियाण्याची पोती गेली, मग शाळेची मोडकी बाकं. शेवटी कागदावर ‘निर्लेखन’ हा शब्द येतो, म्हणजे इमारत हिशेबातून वजा. आणि शिक्षकांसाठी तर बहुतेक गावांत वजा करायलाही काही नव्हतं. ग्रामसेवकांचं आणखी वेगळं. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावांचा चार्ज. त्याने कुठल्या गावात राहायचं?

माझ्या आईने पहिल्या वर्षी गावात राहून पाहिलं होतं. हे मला ती रिटायर झाल्यावर कळलं. एका घराची पुढची खोली मिळाली होती. संडास नव्हता. पहाटे अंधारात बायकांबरोबर बाहेर जायचं. मी तेव्हा दोन वर्षांचा. पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला आणि वडिलांनी आम्हाला चिखलीला आणलं. घर मिळालं तरी नशीब, असं ती म्हणाली. तिच्याबरोबरच्या एका सरांना आडनाव ऐकल्यावर खोलीच मिळाली नाही. घरमालकांनी नकार दिला नाही. “पाहुणे येणार आहेत,” म्हणाले, आणि ते पाहुणे काही वर्षभर गेले नाहीत.

भत्ता, दाखला, ठराव

सरकारने घर दिलं नाही, तर घरभाडे भत्ता दिला. हा हिशेब समजून घ्या, भांडणाची मेख इथे आहे.

सातव्या वेतन आयोगानुसार २०१९ पासून महाराष्ट्रात घरभाडे भत्त्याचे तीन दर झाले. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत मूळ पगाराच्या २४ टक्के, मधल्या शहरांत १६ टक्के आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी ८ टक्के. महागाई भत्ता वाढला की हे दर टप्प्याने वाढत ३०, २० आणि १० टक्क्यांपर्यंत जातात. म्हणजे मूळ पगार ४०,००० असेल तर ८ टक्क्यांनी महिन्याला ३,२०० रुपये. सरकारचं म्हणणं असं: हा पैसा तुम्हाला कामाच्या गावी राहण्यासाठी दिलाय, तर तिथे राहा. कर्मचाऱ्याचं म्हणणं असं: तीन हजार दोनशे काय, पाच हजार दिले तरी गावात भाड्याला खोलीच नाही, मी काय करू?

दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या. मग मधला मार्ग निघाला तो कागदाचा. आधी सरपंचाचा दाखला. मग सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाचा शासन निर्णय आला, त्यात शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला गेला. एकट्या सरपंचाची सही पुरेशी नाही, आता अख्ख्या गावाने हात वर करायचे. विचार वाईट नव्हता. ग्रामसभा म्हणजे गावची विधानसभा, तिच्याकडून खरं कळेल. झालं असं की आधी दोघं मिळून खोटं बोलायचे, आता गावाला बोलावं लागू लागलं.

२०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा मुद्दा विधानसभेत मांडला. शिक्षक गावात राहत नाहीत, तरी घरभाडं घेतात, असं त्यांचं म्हणणं. शिक्षक संघटना चिडल्या, औरंगाबादेत मोर्चा निघाला. मोबाईलवर तेव्हा दोन्हीकडून ऑडिओ क्लिपा फिरल्या, तुमच्यापैकी काहींनी ऐकल्याही असतील. त्या गदारोळात मला एक आकडा हवा होता, तो कुणीच देत नव्हतं. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत, झेडपीच्या किती गावांत कर्मचाऱ्याला राहण्याजोगी एक खोली आहे? नळ, संडास आणि आतून लागणारी कडी असलेली. सगळे माणसं मोजत होते, खोल्या कुणी मोजत नव्हतं.

जरा लांबचं उदाहरण

आता अमेरिकेत एक चक्कर मारून येऊ, दोन मिनिटांत परत येतो. कोलोरॅडो राज्यात ॲस्पेन नावाचं डोंगरातलं गाव आहे. एकेकाळी चांदीच्या खाणींचं, आता बर्फावर घसरायला येणाऱ्या श्रीमंतांचं. घरांच्या किमती एवढ्या वाढल्या की तिथला शिक्षक, नर्स, बस ड्रायव्हर, हॉटेलातला आचारी, कुणालाच गावात राहणं परवडेना. सगळे अपडाउन करायला लागले, डोंगरातून, बर्फातून.

तिथल्या नगरपालिकेने आणि काउंटीने, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा परिषदेने, मिळून १९८२ मध्ये एक गृहनिर्माण संस्था उभी केली. आज तिच्याकडे तीन हजारांच्या आसपास घरं आहेत. नियम कडक आहेत. घर हवं असेल तर वर्षाला किमान १,५०० तास त्या काउंटीत काम केलं पाहिजे, आणि वर्षातले किमान नऊ महिने त्या घरात राहिलं पाहिजे.

फरक बघा. तिथला नियम म्हणतो, इथे काम करत असाल तरच या घरात राहा. आपला नियम म्हणतो, इथे काम करत असाल तर इथेच राहा. दोन्ही वाक्यं जवळपास सारखी, फक्त पहिल्यात घर आहे. नियम मोडणारे तिथेही आहेत, त्यांना शोधायला वेगळी यंत्रणा लागते. पण तपासणाऱ्याला दार ठोठवायला दार तरी असतं.

आणि खोल्या बांधणं आपल्याला जमत नाही असंही नाही. शेगावात येणाऱ्या भाविकांसाठी भक्तनिवास आहेत, स्वच्छ आणि माफक दरात, अख्खा महाराष्ट्र त्यांचं नाव काढतो. लोणारला पर्यटकांसाठी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला, आणि मग चर्चा सुरू झाली पाहुण्यांच्या सोयींची. ती व्हायलाच हवी. पण एका रात्रीसाठी येणाऱ्या माणसाची खोली आपल्याला लगेच दिसते, आणि तीन वर्षांसाठी येणाऱ्या नर्सबाईंची दिसत नाही, हे काही बरोबर नाही.

खरंच गावात राहतं कोण?

हा भाग तयार करताना मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली, आणि त्याची थोडी लाज वाटली. गावात सरकारचं काम करणारी आणि खरोखर गावातच राहणारी माणसं आहेत. अंगणवाडी सेविका आहेत, आशा ताई आहेत.

अंगणवाडीची योजना १९७५ ची, आशांची २००५ ची. दोघींच्या निवडीत पहिली अट हीच की बाई त्याच गावची रहिवासी असावी. साहजिकच आहे, घरोघर जायचं तर ओळख हवी. रात्री अकराला कळा सुरू झाल्या की आज काकांच्या जागी कुणीही आशा ताईंचं दार वाजवतो. त्या उठतात, १०८ ला फोन लावतात, गाडीत सोबत बसतात. मात्र सरकार त्यांना कर्मचारी म्हणत नाही. त्यांना पगार नाही, मानधन आणि मोबदला आहे. आणि पगारच नसल्यामुळे घरभाडे भत्ता नाही.

म्हणजे परत तेच. सगळ्यात वरच्यासाठी बंगला बांधला. मधल्याला भत्ता दिला आणि त्याच्याकडून खोटा कागद लिहून घेतला. आणि गावात राहण्याची अट खरोखर पाळली कुणी, तर सगळ्यात कमी पैसे मिळणाऱ्या बाईने. दीडशे वर्षांत राज्यं बदलली, कायदे बदलले, हा क्रम काही बदलला नाही.

२६ जानेवारी

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

२०२३ च्या २६ जानेवारीला मी आजोबांच्या गावी होतो. झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. मी मागे उभा राहून ऐकत होतो. विषय एकामागून एक पुढे जात होते, आणि मग वाचलं गेलं: शाळेतील शिक्षक व आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहत असल्याबाबत ठराव. दोन्ही बाया कोपऱ्यात उभ्या होत्या, शाळेच्या मॅडम आणि उपकेंद्राच्या सिस्टर. दोघीही मान खाली घालून.

आजोबांनी हात वर केला. पहिला हात त्यांचा. वय त्र्याऐंशी, २००९ मध्ये ‘नोकरीच घालवाले पाह्यजे’ म्हणणारे तेच.

घरी येताना मी विचारलं, “आबा, तुम्ही हात वर केला?”

ते म्हणाले, “नाही केला त बाई बदली करून जाईन. दुसरी येईनच असं कोन सांगते? शाळेत पोरं एकतीस. मास्तरीन गेली त शाळाई जाईन.” मग थोडं चालून म्हणाले, “अन् राहीन कुठी ते? म्या पाह्यली ते खोली. म्हैस नाही बांधनार आपून त्यात.”

ही खोली म्हणजे उपकेंद्राच्या मागची. चौदा वर्षांपूर्वी त्या रात्री कुलूप होतं, तेव्हाही ती अशीच होती. हे आईला तेव्हाच माहीत होतं. ज्या एसटीने ती चिखलीहून जायची, तिथल्या स्टँडवर अशा नर्सबाई रोज भेटायच्या, त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा. म्हणून तर त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला होता. बोलली असती तर म्हणाली असती, बाई चुकली, पण खोलीही चुकली. वहिनी तिकडे दवाखान्यात असताना ते कोण ऐकून घेणार होतं?

मी अपडाउनची बाजू घेत नाही. ज्या घरची बाई जीपमध्ये बाळंत झालीय, त्या घराला ‘परिस्थिती समजून घ्या’ म्हणण्याचा मला हक्क नाही. रात्री उपकेंद्र उघडं असलंच पाहिजे. पण ते उघडं राहायला काय लागतं, हेही त्याच सभेत विचारलं गेलं पाहिजे. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ती फक्त हात वर करायला नक्कीच मिळाली नव्हती.

म्हणून एक छोटं काम सांगतो. पुढच्या ग्रामसभेला, १ मे असो की १५ ऑगस्ट, जाऊन बसा. मुख्यालयाचा ठराव वाचला गेला की उठून एवढंच म्हणा: ‘राहतात’ असं लिहिण्याआधी खोली बघून येऊ. छत, नळ, संडास, कडी. जे दिसेल ते ठरावात लिहा आणि पंचायत समितीला पाठवा. खरं लिहिलेला एक ठराव आईच्या फाईलमधल्या सगळ्या दाखल्यांपेक्षा जड असेल.

आमच्या गावात असा ठराव अजून झालेला नाही. आबा म्हणतात, पुढच्या वेळेस तू बोल, हात मी वर करतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.